किलिफीला कपडे घेऊन जायचंय, तर तयारी अशी करा

जानेवारीत केनियाला, मोंबासाच्या उत्तरेला किलिफीकडे कपडे वाटायला जायचं ठरवलेल्या आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मंडळींसाठी हे लिहितेय, आणि पहिलीच गोष्ट ही की कपडे गोळा करायला लगेच लागू नका. आधी तिथल्या ज्या संस्थेकडे किंवा शाळेकडे जाणार त्यांना फोन लावा, नेमकं काय हवंय, कुठल्या वयाच्या किती पोरांना हवंय, काय अजिबात नकोय, सगळं विचारा आणि उत्तर मेसेजवर लेखी घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हा लोकांनी मनापासून मदत पाठवली, पण त्यात फाटके, मळके, कुणाच्याच मापाचे नसलेले कपडे पण होते आणि घरात चिखल असताना ते निवडत बसायची वेळ आपल्याच माणसांवर आली. घेणाऱ्याची बाजू आपल्याला माहितीय, म्हणून यादी तिकडूनच येऊदे.

दुसरं, तिकडे कपडेच मिळत नाहीत असं डोक्यात ठेवून जाऊ नका. युरोप-अमेरिकेतले जुने कपडे केनियात गठ्ठ्यांनी येतात, त्याला मितुंबा म्हणतात, नैरोबीचा गिकोंबा बाजार त्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि गावोगावी कितीतरी बायका रस्त्याकडेला तेच विकून घर चालवतात. आपण फुकटचा ढीग ओतला तर तिचा आठवडाभराचा धंदा गेला, आणि आपण तर निघून येणार. त्यामुळे बॅगेत तेच भरायचं जे मागितलंय. युनिफॉर्म तर इथून नेऊच नका, प्रत्येक शाळेचा रंग वेगळा असतो, तिथलेच शिंपी शिवतात, आणि शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं म्हणजे नोव्हेंबरमध्येच मापं मागवून पैसे पाठवलेत तर पोरं पहिल्या दिवशी नव्या कपड्यात जातील आणि शिंप्याच्या हातालाही काम मिळेल. मला विचाराल तर जमलेल्या पैशातला मोठा वाटा इथेच जावा.

बूट मात्र जरूर न्या, पण बंद बूट, आणि नवे किंवा नव्यासारखे. किनाऱ्याकडच्या मातीत एक बारीक पिसू असते, तिकडे तिला फुंझा म्हणतात, ती अनवाणी पायाच्या कातडीत शिरते आणि आतच अंड्यांनी फुगते, पोरांना चालता येत नाही इतका त्रास होतो. त्यामुळे दहा टीशर्टांपेक्षा एक धड बुटाचा जोड जास्त उपयोगाचा. स्वेटर, जाकीट, जीन्सचे गठ्ठे नकोत, हवा अगदी आपल्यासारखीच दमट, माड तेच, काजू-आंबे पण तेच, म्हणजे आपल्याकडे अंगाला जे सुती सोसतं तेच तिकडे चालतं. जुन्या मऊ सुती लुगड्यांची दुपटी-लंगोट करून न्यायचे का हे पण विचारा, बाळंतिणींना उपयोगी पडतील असं मला फार वाटतं. वापरलेले आतले कपडे देऊ नका, द्यायचे तर कोरे. लष्करी छापाचे कपडे बाजूला काढा, कुणाला पोलिसांचा त्रास नको.

गोळा करायला गणपती उत्तम, चाकरमानी येतातच, त्यांना ऑगस्टमध्येच सांगून ठेवा की गावी येताना धुतलेले, बटणं असलेले, चेन चालणारे कपडे आणा. पण ते लगेच पॅक करू नका हं, भाद्रपदात कपड्यांना कुबट वास लागतो आणि बुरशीचे ठिपके पडले की ते कपडे कुणाला देण्यासारखे राहत नाहीत. दिवाळीनंतर कडक ऊन पडलं की सगळं परत धुवा, उलटसुलट करून दोन-तीन उन्हं दाखवा आणि मगच घड्या घाला. डांबराच्या गोळ्या अजिबात टाकू नका, विशेषतः बाळांच्या कपड्यात, कारण जी६पीडी नावाचं एंझाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या लाल पेशी त्या गोळ्यांमुळे फुटू शकतात, आणि मलेरियाच्या पट्ट्यात असं कमी एंझाइम असणारी माणसं बरीच असतात. कडुनिंबाचा पाला घातलात तर निघायच्या आधी शेवटच्या काडीपर्यंत झटकून काढा, झाडपाला-बिया कस्टमला चालत नाहीत.

आता हे नीट वाचा. आपल्याला सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायची सवय, पाऊसच तेवढा. केनियात २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, दंड ४० लाख शिलिंगपर्यंत नाहीतर ४ वर्षांपर्यंत कैद. म्हणून घरीच कापडी पिशव्या शिवा, प्रत्येक पिशवीवर वय आणि माप धाग्याने नाहीतर मार्करने घाला, तिकडे वाटताना त्याचाच उपयोग होतो.

कागदपत्रांचं सांगते. ई-टीए म्हणजे केनियात शिरायची परवानगी, ती निघायच्या आधी ऑनलाइन काढावी लागते, पण पर्यटक म्हणून जाऊन काम करायचं नाही, बिनपगारी असलं तरी, त्यामुळे बोलावणाऱ्या संस्थेला इमिग्रेशनच्या स्पेशल पासचं, म्हणजे थोड्या दिवसांच्या कामाच्या परवानगीचं, आधीच बघायला लावा. यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सिंधुदुर्गवाल्यांना गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ ऑफिस जवळ पडेल, नाहीतर मुंबई. ते पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण परत येताना ते नसेल तर आपल्याकडेच ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. कपडे दान आहेत, विक्रीला नाहीत असं संस्थेचं पत्र आणि नगांची यादी प्रत्येकाच्या हातातल्या बॅगेत हवी, एकाकडेच ठेवलीत आणि तो लाइनीत मागे राहिला की बाकीचे अडकले. कस्टम ड्यूटी कितीची लागेल ते पण संस्थेलाच आधी चौकशी करायला सांगा.

मुंबई-नैरोबी विमान, पुढे मोंबासापर्यंत २०१७ ला सुरू झालेली मदाराका एक्स्प्रेस रेल्वे, तिच्या स्टेशनवर सामानाची तपासणी कडक असते म्हणून वेळ हातात ठेवा, मग किलिफी गाडीने साधारण ६० किलोमीटर. नैरोबी उंचावर आहे, तिथे स्वतःसाठी एक स्वेटर लागेल. चौकोनी तीन पिनांचा प्लग न्या. सिम घेतलंत की एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय, चालू करा, तिकडे टपरीवर पण त्यानेच पैसे देतात.

वाटपाचं कसं करायचं हे तिथल्या माणसांनी ठरवायचं, आपण पिशव्या उचलायच्या. रांग लावून, हात पसरायला लावून देणं मला स्वतःला पटत नाही, एका खोलीत मापाप्रमाणे मांडून ठेवा, आईला येऊन स्वतः निवडू द्या. पोरांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नाही, आणि कपडे हातात देतानाचे तर नकोच. आसपास मिजिकेंडा लोकांची काया म्हणजे राखलेली पवित्र वनं आहेत, २००८ पासून त्यातली काही जागतिक वारसा यादीत आहेत, आपल्या देवराईसारखंच समजा, वडीलधाऱ्यांनी नेलं तरच आत पाऊल टाकायचं. बायका-पुरुष दोघांनीही खांदे-गुडघे झाकणारे कपडे घाला, किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती बरीच आहे.

जे उरेल ते परत आणू नका आणि घाईने कुणाच्याही गळ्यात मारू नका, माप लिहिलेल्या पिशव्या तशाच शाळेच्या कपाटात यादीसकट देऊन या, एप्रिल-मेच्या सुमाराला दुसरी टर्म सुरू होते तेव्हा मास्तर-बाई काढून देतील.