धुऱ्यावरची मोजणी: कीड सर्वेक्षणातला माझा पहिला खरीप

कृषी पदवी घेऊन मी नागपूर जिल्ह्यात कीड सर्वेक्षक म्हणून रुजू झाले, तेव्हा अळ्या ओळखता आल्या की काम जमले असा माझा समज होता. ओळख आठवड्याभरात झाली. मोजायला शिकण्यात मात्र अख्खा खरीप गेला. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी मोजणीबद्दलच अधिक लिहिते.

काटोलकडच्या एका मक्याच्या वावरात पावसाने चिखल झाला होता, तेव्हा आत शिरण्याचा कंटाळा करून मी धुऱ्यालगतची, म्हणजे बांधाकडेची, 50 झाडे पाहिली आणि वहीत 22 टक्के प्रादुर्भाव नोंदवला. शेतकरी काका बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, धुऱ्यावरच कायले मोजता? मधात या ना." मग इंग्रजी डब्ल्यूच्या आकारात चालत पाच ठिकाणी दहा-दहा झाडे तपासली, तर पन्नासात दोनच बाधित निघाली. मका लहान असताना साधारण 5 टक्के झाडे बाधित झाली की फवारणीचा विचार करतात. त्यामुळे माझ्या पहिल्या आकड्याने काकांना एका अनावश्यक फवारणीचा भुर्दंड बसला असता.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम 2018 मध्ये कर्नाटकात आढळली. लहान अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि मागे कागदासारखे पांढुरके चट्टे राहतात. अळी मोठी झाली की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, दडते व तिची विष्ठा ओल्या लाकडी भुशासारखी तिथेच साठते. भुसा दिसला की पाने अलगद उकलून पाहावे: डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर शंका उरत नाही. उन्हात ती खोल जाते, म्हणून सकाळी लवकर निघावे. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच सापडते; मोजायची असतात ती बाधित झाडे, सापडलेल्या अळ्या नव्हेत.

पराटीत, म्हणजे कपाशीत, हा हिशेब बदलतो. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते, तिचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. झाडाकडे कितीही निरखून पाहिले तरी ती कळत नाही. पाकळ्या गुलाबासारख्या चिकटून राहिलेली डोमकळी शोधावी आणि हिरवी बोंडे तोडून, फोडूनच पाहावीत. कोणाची बोंडे तोडण्यापूर्वी त्यांना विचारावे, हे कोणत्याही पुस्तिकेत लिहिलेले नसते. बोंडांच्या जोडीला कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, असतातच: सलग तीन रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आले, किंवा 10 टक्के फुले वा बोंडे बाधित झाली, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे आता उपाय करायला हवा, असे धरतात. सापळ्यातील ल्यूर (गंधाची गोळी) बदलल्याची तारीख काठीवरच लिहून ठेवावी, कारण जुने ल्यूर पतंग ओढत नाही आणि आपण मात्र कीड नाही म्हणून निश्चिंत होतो.

तूर आणि सोयाबीनचे निकष वेगळे आहेत. ते हंगामाआधी मिळणाऱ्या पुस्तिकेतून पाठ करावेत. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर राज्यात 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात ठरावीक वावरांना पुन्हा पुन्हा भेट द्यायची असते आणि काही वावरे फिरती, म्हणजे दर वेळी वेगळी, निवडायची असतात. फिरते वावर निवडताना मन आपोआप डांबरी रस्त्यालगतच्या शेताकडे वळते. माझेही वळले होते. शून्य आलेल्या वावराची नोंद टाळण्याचा मोहही होतो, पण किडीने उचल नेमकी कधी खाल्ली हे त्या शून्यांवरूनच कळते.

वावरात पाय टाकण्याआधी शेवटचा फवारा कधी व कशाचा मारला हे विचारावे. विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. फवारा कालच मारला असेल तर त्या दिवशी दुसऱ्या वावरात जावे, वहीत तसे कारण लिहावे आणि पुन्हा येण्याचा दिवस काकांना सांगून निघावे.