सायकेडेलिक्सवरचा पेपर कसा वाचायचा

सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणाऱ्या, मशरूमने डिप्रेशन बरं होतं अशी बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच येते, आणि मी दर वेळी हेच सांगते की बातमी सोडा, मूळ पेपर उघडा आणि थेट मेथड्सवर, म्हणजे अभ्यास कसा केला त्या भागावर जा.

तिथे सगळ्यात आधी बघायचं की तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला काय दिलं होतं. कारण सायलोसायबिन, म्हणजे या मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य, घेतल्यावर भिंती हलायला लागल्या की माणसाला कळतंच आपल्याला काय मिळालंय, शेजारी बसलेल्या थेरपिस्टलाही कळतं, मग ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला काय दिलं ते लपवणं, फक्त कागदावर उरतं. १९६२ मध्ये बोस्टनच्या मार्श चॅपलमध्ये पान्के या संशोधकाने धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला, १० जणांना सायलोसायबिन आणि १० जणांना निकोटिनिक ॲसिड, ज्याने अंग नुसतं लाल आणि गरम होतं, तर थोड्याच वेळात कोण कुठल्या गटात ते उघड झालं. २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या ग्रिफिथ्स यांनी म्हणून दुसरं औषध म्हणून रिटालिन, म्हणजे घेतल्यावर तरतरी जाणवणारं औषध, वापरलं आणि भास घडवणारं औषध आधी कधीच न घेतलेली ३६ माणसं निवडली, हे मला खरंच फार हुशारीचं वाटतं. पण ती सगळी माणसं आधीपासूनच धार्मिक किंवा आध्यात्मिक वळणाची होती, त्यामुळे त्यांना आलेला गूढ अनुभव कुणालाही तसाच येईल असं धरून चालायचं नाही. चांगल्या पेपरात शेवटी लोकांना विचारलेलं असतं, तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? ते आकडे दिलेत का तेही शोधा.

मग बघा प्रायमरी आउटकम, म्हणजे आधीच ठरवलेलं मुख्य माप. २०२१ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने ५९ पेशंटमध्ये सायलोसायबिन आणि एस्सिटालोप्राम या डिप्रेशनच्या नेहमीच्या औषधाची तुलना केली, मुख्य मापावर सहा आठवड्यांनी दोघांत लक्षणीय फरक नव्हता, बाकीची मापं सायलोसायबिनकडे झुकली आणि लोक तेवढंच सांगत फिरले.

मायक्रोडोसिंगचं, म्हणजे भास होणार नाहीत इतका अगदी थोडा डोस घेण्याचं, वाचणार असाल तर त्याच वर्षीचा १९१ लोकांचा अभ्यास जरूर वाचा, त्यात लोकांनी घरी स्वतःच कॅप्सूल भरून कुठलीत औषध आहे आणि कुठली रिकामी ते स्वतःपासूनच लपवलं होतं. बरं दोन्ही गटांना वाटलं, प्लासिबोवाल्यांनाही, म्हणजे औषध नसलेली कॅप्सूल घेणाऱ्यांनाही!

आणि एक, कोणाला घेतलं नाही ती यादी नक्की वाचा. स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार, असेल तर अशा ट्रायलमध्ये बहुतेक वेळा घेतच नाहीत, म्हणजे पेपरात सेफ लिहिलेलं असलं तरी ते त्या माणसांबद्दल नाहीये.