जनावराशी गट्टी जमली तर समाधान वाढतं का? घरच्या घरी करून बघा

कुत्रं किंवा मांजर पाळलं की माणूस सुखी होतो, असं सरसकट म्हणता येत नाही. पाळणारे आणि न पाळणारे यांची नुसती तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा आपल्या घरात जनावरासोबत रोज काय घडतं ते बघावं.

सुरुवातीला आपलाच आकडा लिहून ठेवा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1985 साली जीवनसमाधानाची मोजपट्टी मांडली. तिच्यात पाच विधानं आहेत, प्रत्येकाला 1 ते 7 गुण. बेरीज 5 ते 35 मध्ये येते, 20 म्हणजे अधलंमधलं. आठ आठवड्यांनी पुन्हा भरा. पगाराच्या दिवशी किंवा घरात वाजलेलं असताना भरू नका. आकडा वाढला तरी सगळं श्रेय कुत्र्याला देऊ नये. सणवार, झोप, मुलांचा निकाल यांचाही वाटा असतो.

आता रोजची वीस मिनिटं. कुत्र्याला दोन-तीन मीटरच्या दोरीनं फिरवा आणि पहिली दहा मिनिटं त्याला हवा तिथे वास घेऊ द्या. ओढत नेलं तर पाय मोकळे होतील, डोकं नाही. कोल्हापुरात रंकाळा तलावावर सकाळी गर्दी असते, वर भटकी कुत्री. नवख्या कुत्र्याला आधी गल्लीतच तयार करा. मग पाच मिनिटं शिकवणं. ‘बस’ म्हटल्यावर बसलं की एक-दोन सेकंदांत हरभऱ्याएवढा खाऊ द्या. खिसा चाचपेपर्यंत ते उठलं आणि मग खाऊ दिला, तर तुम्ही उठायला शिकवलंत!

उरलेल्या वेळात नुसतं शेजारी बसा. छातीवरून तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. अंगाला चिकटलं तर पुढे चालू ठेवा. तोंड फिरवलं, ओठ चाटले, जांभई दिली तर पुरे. मिठी मारणं बहुतेक कुत्र्यांना मानवत नाही, फोटोत कितीही गोड दिसो. मालक आणि कुत्रं एकमेकांकडे बराच वेळ बघतात तेव्हा दोघांत ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक, वाढतं, असं जपानी संशोधकांना 2015 मध्ये आढळलं. पण अनोळखी कुत्र्याकडे रोखून बघू नका, त्याला ती धमकी वाटते.

मांजराला वीस मिनिटं सलग नकोत. पाच-पाच मिनिटं दोन-तीनदा काठीला दोरी बांधून खेळवा, शेवटी खायला द्या. गाल आणि हनुवटी खाजवा, पोटाला हात नको.

माया पातेल्यातून दाखवायची सवय मात्र सोडाच. रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा कुत्र्याला चालत नाही: कांदा-लसणानं त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, शिजलेल्या हाडाच्या कपच्या आतडं फाडू शकतात. मसाला पडण्याआधी बिनहाडाचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात उकडून बाजूला काढा.

जुलै-ऑगस्टच्या झडीत फिरणं बंद पडतं आणि बसलेली घडी इथेच मोडते. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून शोधायला लावा. कान, बोटांच्या बेचक्या चाचपून गोचीड बघा. तेवढाच हात लावून घ्यायचा सराव. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यानंतर, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे.

आकडा उलट घसरला तर दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडलंय का? बहुतेक घरांत ज्या बाईचा स्वयंपाक असतो तिच्याच. फिरवणं, खाणं, घाण काढणं कुणाकडे, हे नावानिशी लिहून फ्रिजवर लावा. दुसरी, कुत्रं रडतं म्हणून लग्नकार्यालाही जाता येत नाही का? याला प्रेम समजू नका, ती एकटेपणाची भीती आहे. दार लावून तीस सेकंद बाहेर थांबा, शांत असतानाच परत या. मग एक मिनिट, तीन, पाच. रडलं तर आधीच्या पायरीवर या. तरीही दार ओरबाडत असेल, जागेवर मुतत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.