मृगापूर्वी मातीच्या बांधाची तयारी: खासगी तलावाच्या मालकासाठी

कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा या भागांत ओढा अडवून स्वखर्चाने मातीचा बांध घातलेले शेतकरी आहेत, आणि ही यादी त्यांच्यासाठी आहे. धरण सुरक्षा अधिनियम 2021 हा 15 मीटरपेक्षा उंच धरणांना आणि काही अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. चार-सहा मीटरचा खासगी बांध त्यात येत नाही, त्यामुळे त्याची पाहणी मालकानेच करावयाची आहे. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा लघुपाटबंधारे तलाव फुटला आणि एका महिलेचा जीव गेला. ही गोष्ट आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे, म्हणून पुढील कामे रोहिणी नक्षत्र सरण्याआधी, म्हणजे 7 जूनच्या सुमारास मृग लागण्यापूर्वी, उरकलेली असावीत.

सर्वांत आधी सांडवा (तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) पाहावा. मातीच्या माथ्यावरून पाणी वाहू लागले की भराव काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, कापला जातो. दहा हेक्टरच्या पाणलोटावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर एक कोटी लिटर पाणी पडते, आणि गगनबावड्याकडच्या डोंगरपट्ट्यात जुलैमध्ये असा दिवस नवलाचा नसतो. सांडव्यातील झुडपे, गाळ, ढासळलेली माती काढून त्याची मूळ रुंदी मोकळी करावी, आणि सांडव्याचे पाणी भरावाच्या पायथ्याशी न वळता थेट ओढ्यात जाते की नाही, हे चालत जाऊन पाहावे. गेल्या वर्षी पाणी जास्त साठावे म्हणून सांडव्यावर रचलेली पोती अजून तिथे असतील तर ती याच दिवशी उचलावीत. सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याची खोली निम्मी झाली की वाहून जाणारे पाणी निम्मे राहत नाही, सुमारे एक-तृतीयांशच राहते. म्हणजे फूटभर जादा साठ्यासाठी तलावाची सुटकेची वाट बहुतांशी बुजवली जाते. हाच धोका मासे अडवण्यासाठी लावलेल्या बारीक जाळीचा आहे, कारण पालापाचोळा आणि जलपर्णी अडकून ती पहिल्याच मोठ्या पावसात भिंतीसारखी होते. रोहू-कटला वाहून गेल्याचा तोटा मी लहान मानत नाही, तरीही पावसाळ्यात ही जाळी काढावी असेच मी आग्रहाने सांगेन.

त्यानंतर भरावावरील गवत कापून घ्यावे, कारण उंच गवताखाली काहीच दिसत नाही. माथा दोरी लावून तपासावा आणि जिथे तो खचला असेल तिथे ओलसर, चिकणमाती मिसळलेली माती 15 सेंटिमीटरच्या थरांनी टाकून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा; ट्रॉली रिकामी करून वरून ट्रॅक्टर फिरवणे पुरेसे नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतातच, मात्र भरावाच्या लांबीला आडवी, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारी भेग दिसली तर ती खोदून पुन्हा भरावी. खेकडे, घुशी यांची बिळे आणि वारुळे शेवटपर्यंत उकरून ठोकून भरावीत, नुसती तोंडे बुजवू नयेत. झुडपे रोपटी असतानाच काढावीत. मोठे झाड पावसाच्या तोंडावर मुळासकट उपटल्यास भरावात खड्डा आणि सैल माती राहते, म्हणून ते काम दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर जाणकाराच्या सल्ल्याने करावे. पाण्याकडच्या उताराचे निखळलेले दगड परत बसवावेत.

पाझर हा विषय बहुतेक मालक हलक्यात घेतात. मातीचा बांध थोडा पाझरतो, आणि स्वच्छ, एकसारखा पाझर लगेच भीतीचा नसतो. पाझराचे पाणी गढूळ झाले, तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा पायथ्याशी पाण्याची उकळी फुटून भोवती बारीक मातीचे वर्तुळ साचू लागले, तर भरावाच्या पोटातून माती वाहत आहे असे समजावे. विमोचकाच्या, म्हणजे तलावातले पाणी खाली सोडण्याच्या, पाइपाभोवतीची जागा विशेष पाहावी, कारण तिथे माती नीट ठोकली जात नाही आणि पाणी पाइपाला चिकटून वाट काढते. दर आठवड्याला, आणि अतिवृष्टीत रोज, पाझराची पंधरा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते वहीत लिहावे, आणि थोडे पाणी काचेच्या ग्लासात ठेवून तळाशी गाळ बसतो का ते बघावे. पायथ्याजवळ वाळू, बारीक व जाड खडी आणि रिकामी पोती आणून ठेवावीत. गढूळ पाझरावर आधी वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी असे थर द्यावेत, म्हणजे पाणी बाहेर येते आणि माती आत राहते. कोरड्या बाजूने चिखल किंवा सिमेंट लावून ते तोंड बंद करू नये, कारण अडलेले पाणी दुसरीकडे फुटते.

विमोचकाचा व्हॉल्व्ह एकदा पूर्ण उघडून व बंद करून पाहावा, त्याला ग्रीस द्यावे, आणि त्याची चावी रात्रीही हाताशी लागेल अशा ठिकाणी असावी. पातळी उतरवायची असेल तर साधारणपणे दिवसाला फूटभराहून अधिक उतरवू नये, कारण पाणी झपाट्याने खाली गेले की भिजलेला आतला उतार घसरतो. मात्र गढूळ पाझर वाढत असेल तर तिथे थांबून भागणार नाही: व्हॉल्व्ह पूर्ण उघडावा आणि जोडीला पंप लावावेत.

शेवटी, ओढ्याच्या काठाने खाली चालत जावे आणि कोणती घरे, गोठे, वीटभट्ट्या, ऊसतोड मजुरांची खोपटी आणि रस्त्याच्या मोऱ्या पाण्याच्या वाटेत येतात ते लिहून घ्यावे. त्या प्रत्येक घराचा, पोलीस पाटलांचा, सरपंचांचा, तलाठ्यांचा आणि तहसील कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 आणि पोलिसांच्या 112 या क्रमांकांसह, घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. माथ्याजवळ धोक्याची रेषा रंगवून पाणी तिथे आले की कोणी कोणाला उठवायचे हे आधीच ठरवावे. मोबाइलचे टॉवर बंद पडतात, म्हणून खालच्या वस्तीला भोंग्याची किंवा देवळाच्या घंटेची खूण सांगून ठेवावी, आणि ती खूण मे महिन्यात एकदा दिवसाउजेडी वाजवून सगळ्यांना ऐकू जाते का ते तपासावे.