बोड्रमच्या किल्ल्यातली बुडालेली जहाजं कशी बघावीत

तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावर, दोन उपसागरांच्या मधोमध समुद्रात घुसलेल्या खडकावर बोड्रमचा किल्ला उभा आहे. त्याच्या आत पाण्याखालच्या पुरातत्त्वाचं संग्रहालय आहे. बरेच पर्यटक बुरुजांवर फोटो काढतात, कपाटांपुढून भरभर जातात आणि तासाभरात बाहेर पडतात. इथला खरा ऐवज आहे तीन बुडालेली जहाजं: उलुबुरुन, यासिआदा आणि सेर्चे लिमानी. ही नावं ती जिथे सापडली त्या जागांची. ती काळाच्या क्रमाने बघितली तर सुमारे तेवीसशे वर्षांत जहाजबांधणी कशी बदलत गेली ते एका फेरीत कळतं. म्हणून फेरीची आखणी या तीन जहाजांभोवती करा, बुरुजांभोवती नको.

हाताशी किमान तीन तास ठेवा आणि दार उघडताच आत जा. उन्हाळ्यात अकरानंतर दगडी फरशी तापते आणि बुरुजांवर सावली नसते. समुद्रपर्यटनाच्या मोठ्या बोटी लागल्या असतील तर त्याच सुमारास गटही येऊन धडकतात. वेळा आणि दर ऋतूप्रमाणे बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी तपासून घ्या. तिकीटखिडकी संग्रहालयाच्या आधी बंद होते, हे संध्याकाळी जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावं. इफेसस, पामुक्कले असा मोठा दौरा असेल तर परदेशी पर्यटकांसाठीच्या पासचा हिशोब आधी मांडा. स्थानिक लोक वापरतात ते म्युझेकार्त, म्हणजे संग्रहालयांचं कार्ड, आपल्याला चालत नाही.

पायात रबरी तळाचे बूट हवेत. पायऱ्या उंचसखल आहेत आणि कित्येक ठिकाणी दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. चपलेने घसरायला होतं, ते चढताना नाही, उतरताना. लहान मुलाची ढकलगाडी इथे उपयोगाची नाही, मूल पाठीवर किंवा कडेवर घ्यावं लागेल. पाण्याची बाटली हवीच. टोपी घ्या, पण बांधता येईल अशी, कारण उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून मेल्तेमी नावाचा जोराचा वारा सुटतो.

आत शिरल्यावर लगेच दालनांकडे धावू नका. मुख्य आवारापर्यंत एकामागून एक दरवाजे लागतात आणि त्या वाटेवरच्या भिंती बघण्यासारख्या आहेत. हा किल्ला ऱ्होड्स बेटावरच्या सेंट जॉनच्या सरदारांनी (हा लढवय्या ख्रिस्ती पंथ) पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला. बोड्रम म्हणजे प्राचीन हॅलिकार्नासस. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, राजा मॉसोलसची समाधी, याच शहरात होती. ती भूकंपांनी ढासळली आणि सरदारांनी तिचे दगड किल्ल्याला वापरले. ओळखायचे कसे? स्थानिक ज्वालामुखीजन्य दगड हिरवट-करडा आणि खडबडीत असतो. त्यात मधेच गुळगुळीत पांढरा संगमरवर किंवा खांबाचा गोल तुकडा आडवा बसवलेला दिसला, तर तिथे थांबा. समाधीवरची शिल्पंसुद्धा इथल्या भिंतींत बसवलेली होती, ती एकोणिसाव्या शतकात लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेली. दरवाजांवर आणि बुरुजांवर सरदारांची कोरीव कुलचिन्हं शेकड्यांनी आहेत. इंग्लिश, फ्रेंच, इटालियन, जर्मन अशी बुरुजांची नावं त्या-त्या भाषेच्या सरदारांच्या तुकड्यांवरून पडली. १५२३ मध्ये किल्ला ऑटोमन सुलतान सुलेमानच्या ताब्यात गेला. एवढा इतिहास पुरे, आता जहाजं.

पहिलं: उलुबुरुन

ख्रिस्तपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलं हे व्यापारी जहाज आहे. १९८२ मध्ये मेहमेत चाकर या स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याने समुद्रतळाशी 'कान असलेली धातूची बिस्किटं' पाहिल्याचं सांगितलं. ही 'बिस्किटं' म्हणजे तांब्याच्या लाद्या. जॉर्ज बास आणि जेमाल पुलाक या पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली १९८४ ते १९९४ असे अकरा हंगाम उत्खनन चाललं. अवशेष ४४ मीटरपासून सुमारे ६० मीटर खोलीपर्यंत पसरले होते. इतक्या खोलीवर एका बुडीत जेमतेम वीस मिनिटं काम करता येतं, म्हणून एकूण बुड्या बावीस हजारांवर गेल्या. दालनातल्या प्रत्येक वस्तूमागे ही वीस-वीस मिनिटं आहेत.

इथे सोन्याकडे आधी जाऊ नका, तांब्यापासून सुरुवात करा. चार कोपऱ्यांना मुठी असलेली लादी साधारण २४ किलोची असते. मुठी कशासाठी, ते दोघांनी ती उचलल्याची कल्पना केली की समजतं. अशा ३५४ लाद्या होत्या, लहान गोल लाद्या वेगळ्याच. तांबं एकूण सुमारे १० टन आणि कथील सुमारे १ टन. दहास एक हे प्रमाण म्हणजे कांसं ओतण्याचंच प्रमाण. एवढं कळलं की हा माल कोणाला आणि कशाला लागत होता याचा अंदाज येतो. मग निळ्या काचेच्या चकत्या बघा: कोबाल्टने रंगवलेली ही कच्ची काच वितळवून दागिने, भांडी करण्यासाठी जात होती.

त्यानंतर लहान वस्तू. इजिप्तची राणी नेफरतिती हिचं नाव कोरलेला सोन्याचा भुंगा नखाएवढा आहे, त्यामुळे लोक त्याच्या पुढून न बघताच निघून जातात. तळहातात मावेल अशी लाकडी दुहेरी पाटीही शोधा. दोन फळ्या हस्तिदंती बिजागरीने जोडलेल्या आहेत. आतली बाजू किंचित खोल आहे, तिथे मेण भरून टोकदार काडीने लिहायचे. मेण गेलं, लिखाण गेलं, पण मेण पकडून राहावं म्हणून मारलेले चरे अजून आहेत. ते समोरून दिसत नाहीत, थोडं बाजूला होऊन तिरक्या उजेडात बघा.

मूळ जहाजाचं लाकूड थोडंच उरलं, कारण मालाखाली दबलेला भागच जहाज पोखरणाऱ्या किड्यांपासून वाचला. हे लाकूड लेबनॉनच्या देवदाराचं आहे. सांध्यांचं चित्र किंवा प्रतिकृती नीट बघा. शेजारच्या दोन फळ्यांच्या कडांना समोरासमोर खाचा, त्या खाचांत एक लाकडी पट्टी, आणि ती सुटू नये म्हणून दोन्हीकडून लाकडी खुंट्या. आधी फळ्यांचं कवच उभं राहायचं. हे डोक्यात पक्कं ठेवूनच पुढे जा.

दुसरं: यासिआदा

सातव्या शतकातलं हे बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याचं) जहाज, सुमारे २० मीटर लांब. त्यावर जवळजवळ ९०० अँफोरा म्हणजे दोन कानांचे रांजण होते. एका कांशाच्या तराजूच्या दांडीवर जहाजाच्या तांडेलाचं नाव सापडलं: जॉर्जिओस, तो धर्मगुरूही होता. बांधणीत इथे बदल दिसतो. खालच्या फळ्या अजून खाचा-पट्ट्यांनी जोडलेल्या आहेत, पण खाचा लहान आणि विरळ झाल्यात. वरच्या फळ्या थेट बरगड्यांवर, म्हणजे जहाजाच्या आतल्या आडव्या लाकडी कमानींवर, खिळ्यांनी ठोकल्यात.

अँफोरा इथे इतके आहेत की डोळे सरावून जातात. म्हणून एकच निवडा आणि तो वरपासून खालपर्यंत बघा. टोकदार बूड ही चूक नाही. एका थरातल्या रांजणांच्या खांद्यांमधल्या फटीत वरच्या थराची टोकं बसतात आणि माल हलत नाही. ओतताना तेच टोक तिसरी मूठ होतं. अंगावर एका बाजूला शिंपल्यांचे, किड्यांच्या नळ्यांचे थर आणि दुसरी बाजू स्वच्छ दिसली, तर स्वच्छ बाजू शतकानुशतकं वाळूत रुतलेली होती. पृष्ठभाग सोलल्यासारखा दिसला तर ते मिठाचं काम. समुद्रातून काढलेलं मडकं गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने भिजवून क्षार काढावे लागतात, नाहीतर वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रे उडतात. भूमध्य समुद्राकडच्या अशाच रांजणांची खापरं आपल्याकडे नेवाशाच्या उत्खननात आणि घारापुरीलाही सापडली आहेत. तेव्हा हा आकार डोळ्यात साठवून घ्या.

तिसरं: सेर्चे लिमानी

१०२५ च्या सुमारास बुडालेल्या या जहाजावर सुमारे ३ टन काच होती, तीही बहुतेक फुटकी. पुन्हा वितळवण्यासाठी भंगार म्हणून ती नेली जात होती. लाखो तुकडे रंग, जाडी आणि कडांवरून लावून त्यांतून भांडी जुळवली गेली, ती इथे मांडलीत. पण खरी नजर सांगाड्याकडे वळवा. इथे फळ्यांना खाचा नाहीत. आधी कणा आणि बरगड्या उभ्या केल्या, मग त्यांवर फळ्या ठोकल्या. उलुबुरुनच्या नेमकी उलट रीत. लाकूड कमी लागतं, कुशल सुतारांचे दिवस वाचतात, आणि पुढची मोठी जहाजं याच वाटेने बांधली गेली.

सांगाड्याच्या दालनात हवा आणि उजेड मोजून-मापून ठेवतात. पाण्यात मुरलेलं लाकूड नुसतं वाळवलं तर आकसून फाटतं, म्हणून त्यात मेणासारखं रसायन मुरवलेलं असतं. दमट हवा आणि गर्दीच्या श्वासाने तेही बिघडू शकतं. अंधार वाटला तर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतात. फ्लॅश वापरू नका.

जागा आणि मांडणी दुरुस्तीच्या कामांमुळे बदलत राहते, तेव्हा तिकीट घेतानाच तिन्ही दालनं उघडी आहेत का हे विचारा. एखादं बंद असेल आणि मुक्काम जास्त दिवसांचा असेल तर दुसऱ्या दिवशी या.

बुरुज सगळ्यांत शेवटी. सगळे चढायची गरज नाही, इंग्लिश बुरुज पुरे. बाहेर पडल्यावर अंगात जोर असेल तर समाधीची मूळ जागा शहरातच, चालत जाण्याजोगी आहे. तिथे पाया आणि थोडे खांबांचे तुकडे उरलेत, अर्धा तास खूप झाला. ग्रीसच्या कोस बेटावरून बोटीने एका दिवसासाठी येणाऱ्या भारतीयांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात: शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा, नाहीतर संध्याकाळी कोसला परत घेणार नाहीत, आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा, आधीच काढलेला हवा. परतीची बोट शेवटची धरू नका. दुपारच्या वाऱ्यात समुद्र खवळला की तीच आधी रद्द होते.