बंदराकाठी मासे खायला निघालात? परभणीकरांनो, या चुका टाळा

आपल्याकडं मासे खायचे म्हणजे नाथसागर नाहीतर विष्णुपुरी धरणाच्या बाजूचा ढाबा. मरळ किंवा वाम, काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकरी. बिल किती होणार ते बसायच्या आधीच ठाऊक. हाच हिशेब डोक्यात ठेवून आम्ही नऊ जण मुंबईत बंदराकाठच्या एका भल्यामोठ्या हॉटेलात गेलो. मासे झकास होते, बाकी सगळं चुकलं.

सूर्यास्त पाहायला बंदरावर जाणं

दाजींनी हट्टानं कठड्याजवळचं टेबल सांगून ठेवलं होतं, सहाच्या ठोक्याला. सूर्य मावळला, पण आमच्या पाठीमागं, इमारतींच्या आड. मुंबईचं बंदर शहराच्या पूर्वेला आहे. गेटवेसमोरचं पाणी उगवतीचं. तिथं नांगरलेली जहाजं बघा, पौर्णिमेचा चंद्र वर येताना बघा. मावळतीसाठी दादर-जुहूची बाजू धरा.

भरती न बघता टेबल ठरवणं

ही चूक जास्त झोंबली. समोर पाणीच नव्हतं! काळा चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या आणि वास. आत्या म्हणाल्या, "अरे, हे तर मे महिन्यातलं धरण दिसायलंय." धरण वर्षातून एकदा आटतं, समुद्र दिवसातून दोनदा ओसरतो, हे भूगोलात वाचलेलं ऐन वेळी कुणाला आठवलं नाही.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी काठाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास येते, म्हणून संध्याकाळी सहाला ओहोटी, आणि उधाणाची असल्यानं पाणी फारच आत जातं. चंद्र बघायला पौर्णिमा निवडणाऱ्यांच्या वाट्याला चिखल येतो तो असा. अष्टमी ते दशमी बऱ्या, पक्ष कोणताही असो. अचूक वेळ हवी तर मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं.

"एक खेकडा आणा" म्हणणं

मेनूकार्डावर खेकडा, पापलेट, शेवंड (लॉबस्टर) यांच्यापुढं आकडा नसतो, नुसतं 'एपीएस' असतं. ॲज पर साइज. माशाच्या आकारावर दर. आम्हाला वाटलं, एका खेकड्याचे असे किती होतील? बिल आलं तेव्हा दाजींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. भांडायला जागा नव्हती, कारण विचारलंच नव्हतं.

मागवण्याआधी तीन गोष्टी विचारा: दर किलोचा की नगाचा, वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, आणि आमच्यासमोर काट्यावर कराल का. वजन बहुतेक आधीचं असतं, त्यात खेकड्याचं कवचही आलं. मोठ्या हॉटेलात ताटात मासा आणून दाखवतात, तेव्हा लाजू नका. डोळा फुगीर, कल्ले लाल, बोटानं दाबलं तर खळगा राहू नये. रोहू घेताना आपण हेच बघतो. बिलात सेवा शुल्क लावलं असेल तर ते सक्तीचं नाही, काढायला सांगता येतं.

पावसाळ्यात ताज्याचा आग्रह

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटातलं पापलेट बर्फातलं असण्याची शक्यता जास्त. नारळी पौर्णिमेनंतर जा.

बाकी किरकोळ

रोहू-कटल्याच्या बारीक काट्यांची सवय असलेल्यांनी सुरमईला भिऊ नये, तुकड्यात मधला काटा तेवढा मोठा. पोरांना तीच द्या. तिसऱ्या म्हणजे शिंपले, त्यातली शिजूनही न उघडलेली बाजूला ठेवा. कोळंबी, खेकडे पहिल्यांदाच खाणाऱ्यानं थोडं खाऊन थांबावं. काहींच्या अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, आणि श्वास लागला तर थेट दवाखाना. आमच्या भाच्याला परतीच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसल्यावर खाज सुटली. गाडीत गोळी शोधत मनमाड आलं.

आणि नारळाचं कालवण गोडसर लागलं म्हणून वेटरला तिखट वाढवायला सांगू नका, तो वरून लाल मिरचीपूड टाकून आणतो. आत्यांसारखा ठेचा पिशवीत न्या.