उधाणाआधी गावानं उरकायची कामं
हे सगळं मे संपायच्या आत व्हायला हवं. १ जूनला मासेमारी बंद होते, त्या सुमारास होड्या वर ओढायला सगळे जमतातच, तेव्हाच माणसं वाटून घ्या.

आधी कॅलेंडर. सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या अमावास्या-पौर्णिमांवर खूण करा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा. नक्की वेळ मात्र आपल्याच बंदराच्या तक्त्यातून घ्या. टीव्हीवर सांगतात ती साडेचार मीटरची भरती मुंबईची असते. रत्नागिरीकडे भरती तेवढी चढतच नाही, म्हणून आपला आकडा लहान दिसला तरी निर्धास्त राहू नका. पौर्णिमा सरली तरी पुढचे दोन दिवस उधाणाचेच.

मग खारबांध, म्हणजे खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला बांध. ओहोटीला फावडं घेऊन टोकापासून टोकापर्यंत चाला. खेकड्यांची बिळं क्षुल्लक वाटतात, पण बांधाला खांड (भगदाड) तिथूनच पडते. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची झडप हातानं हलवून बघा. ओहोटीला ती उघडते, शेतातलं पाणी बाहेर जातं. भरतीच्या दाबानं मिटते. मध्ये नारळाचं एक सोडण (वरची साल) अडकलं तरी फट राहते आणि रात्रीत भातशेतात खारं पाणी. आम्ही एकदा तिथून थंड पेयाची बाटली काढली होती, एवढीशी.

समुद्राच्या बाजूला धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड खचलेत का पाहाच, पण बंधारा संपतो त्याच्या पलीकडे जास्त वेळ घालवा; लाट तिथली वाळू जास्त नेते. एक माड ठरवून त्याच्या बुंध्यापासून तुटलेल्या काठापर्यंत टेप धरा, तारखेसह फोटो काढा. पंचनाम्याच्या वेळी ‘पूर्वी इथे सुरूचं बन होतं’ एवढ्यानं भागत नाही. अर्ज देताना बांधाचा खारभूमी विभागाकडे, बंधाऱ्याचा मेरीटाइम बोर्डाकडे. दोन्ही एकाच कागदावर लिहिलेत की दोन्ही लटकतात.

अंथरुणाला खिळलेल्यांची, गरोदर बायकांची यादी कागदावर हवी. ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरजवळ निसर्ग वादळ आलं तेव्हा विजेपाठोपाठ फोनही गेले होते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ त्याच कागदावर. आणि निवाऱ्याच्या शाळेची चावी शिपायाकडे, शिपाई खाडीपलीकडे. दुसरी चावी आजच करून घ्या.